कानांवर बसलेला फोकस

बाईंनी कॅमेरादुरुस्तीचं दुकान उघडलं आणि फोन खणखणला. स्टुडिओवाले काका होते. त्यांनी बाईंना बोलूच दिलं नाही. पुतणीनं काल हॉस्पिटलात चार दिवसांच्या बाळाचे फोटो काढले, सगळ्यांत डोळे धूसर, कान स्पष्ट. बाळ रात्री गेलं, आता परत काढताही येणार नाहीत. कॅमेऱ्यात दोष नाही एवढं लिहून द्या, म्हणजे तिला स्टुडिओतून काढून टाकतो.

स्टुडिओ तिच्या वडिलांनी उभारलेला. ते गेल्यावर तिच्याकडे तेवढाच उरलेला.

काकांनी निरोप धाडला होता, म्हणून पुतणी घरून कॅमेरा घेऊन थेट दुकानात आली. डोळे सुजलेले. मागोमाग काका.

“फोटो पाहिलेस?” बाईंनी तिला विचारलं.

“कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर. तिथं छान होते, मावशी.”

“कार्ड कोणाला दिलंस?”

“कोणालाच नाही. कॅमेरा रात्रभर माझ्या उशाशी होता.”

बाईंनी कार्ड संगणकात घालून फोटो मोठे केले. पापण्या विरघळल्यासारख्या, आणि कानांवरची कोवळी लव मोजून घ्यावी इतकी स्पष्ट.

“हात हलला असणार,” काका म्हणाले. “हिचं सगळंच हलतं.”

हात हलला असता तर कानही पुसट झाले असते. नेम चुकला असता तर फोकस कधी नाकावर बसला असता, कधी कपाळावर. इथं दर वेळी बोटभर मागे. फोकस कुठे बसतो ते पाहायला बाईंनी मोजपट्टी तिरकी मांडून तिचे फोटो काढले. दुसऱ्या लेन्सनं फोकस नेमका बसला, हिच्या लेन्सनं मागे. कॅमेऱ्याच्या मेनूत त्या एकाच लेन्सपुढे फोकस मागे सरकवणारा आकडा होता: अधिक वीस.

“आधी कॅमेरा कोणाकडे होता?”

“परवा काकांनी साफ करायला नेला होता.”

“साफच केला,” काका पुटपुटले.

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“ऑटोफोकस जरा चुकला तर सुधारायला ही सोय असते. तुम्ही त्याच सोयीनं तो बिघडवलात. छोट्या स्क्रीनवर कळत नाही, म्हणून पोरगी फसली. हे फोटो मोठे करून पहिल्यांदा मी पाहिले, आत्ता. मग कान स्पष्ट आलेत हे सकाळीच तुम्हाला कोणी सांगितलं?”

काकांनी पँटवरची धूळ झटकली. “बाळ जाईल हे मला काय माहीत? वाटलं, मी जाऊन पुन्हा काढून देईन.”

बाईंना त्यांच्याकडे बघवेना. पुतणीनं हळूच विचारलं, डोळे नीट करता येतील का. बाई नाही म्हणाल्या.

तिचा फोन वाजला. बाळाचे बाबा. सकाळपासून तिसऱ्यांदा, एकच फोटो हवा होता त्यांना.

तिनं फोन उचलला आणि काकांपुढे धरला.

“तुम्ही सांगा त्यांना.”