जांभळ्याऐवजी गुलाबी

१९९८ सालची गोष्ट. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये जांभळं व्हायचं आठशे मीटर कापड गुलाबी निघालं. रंगाचं माप काढणारा प्रोग्रॅम आमच्या कंपनीचा, आणि त्यातला अर्धा भाग मी लिहिलेला.

“चूक शोध, नहीं तो काले आवती नहीं,” आमचे मालक भरतभाई म्हणाले. उद्यापासून येऊच नकोस, म्हणजे. मी सुरतहून बस पकडली.

मिलच्या दारात घाईघाईने वळले आणि कुणावर तरी आदळले. त्याची बोटं गुलाबी झाली होती.

“लागलं का?... तुम्ही नूतन सोनवणे ना?”

“हो. तुम्ही?”

“योगेंद्र महाले. बाकीचा अर्धा प्रोग्रॅम माझा.”

दोन वर्षं एकाच कंपनीत! पण तो मिलवर, मी ऑफिसात. भेट आज.

“चूक तुमच्या भागात असणार,” मी म्हणाले.

“मला वाटलं, तुमच्या,” तो हसला. “बसू या?”

कोपराला कोपर लावून आम्ही ओळ न् ओळ वाचली. त्याचं बरोबर, माझंही बरोबर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चहाचा कप पुढे सरकवला.

“एक विचारू? शून्य म्हणजे तुमच्याकडे काय?”

“रंग... अजून ठरायचाय.”

“माझ्याकडे ‘रंग घालू नका’!”

माझं शून्य त्याच्या भागाने ‘घालू नका’ असं वाचलं, आणि जांभळ्यातला निळा रंग तिथेच गळाला होता. तेवढ्यात भरतभाईंचा फोन. “कोनी भूल छे? चूक कुणाची, नाव सांग!”

योगेंद्रने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

“सर, दोघांचंही काम बरोबर आहे. पण अख्खा प्रोग्रॅम कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. आम्हाला एकत्र बसवा.”

मग भरतभाई म्हणाले, “सारू. सोमवारथी साथे बेसो, एकत्र.”

तो मला हायवेपर्यंत सोडायला आला.

“‘मला माहीत नाही’ असं मालकाला सांगितलंत! भीती नाही वाटली?”

“तेव्हा नाही. आत्ता वाटतेय.”

“कशाची?”

“तुमच्या ज्या थोड्या ओळी माझ्याकडे येतात, त्या दोन वर्षं वाचतोय, नूतन. पुढच्या माणसाला कळावं म्हणून तुम्ही प्रत्येक ओळीशेजारी किती मायेनं टीप लिहून ठेवता... मला तेव्हापासूनच...” तो थांबला. कानापर्यंत लाल झाला.

समोरून ट्रक गेले. मी ओढणी सावरली.

“सोमवारच्या आधी उधन्याला घरी या,” मी म्हणाले. “रविवारी, दुपारी. बाबांची लूमवरची पाळी तेव्हा सुटते, तेही भेटतील.”