मार्गशीर्षातलं विरजण

विषय : मुलुंड पूर्व येथील एका सोसायटीतील तिसऱ्या मजल्यावरचे बंद दार उघडून पाहणेबाबत.
संदर्भ : त्याच मजल्यावरील सभासद रेवती यांचा अर्ज.

हसू नकोस हर्षद. जन्मभर कारकुनी केली. विषय-संदर्भ नसेल तर मी भूतसुद्धा टेबलावर घेत नाही. तू आणि जान्हवी बोरिवलीत जागा बघताय, म्हणून सांगतो. तो दिवा मालव, डास येतात.

आमच्या ऑफिसातला देवदत्त. रिटायर झाल्यावर लोक नामस्मरण करतात, हा लोकांना शेजार शोधून द्यायचा. फुकट. स्टेशन किती लांब, शाळा कुठे, हे कुणीही सांगेल. देवदत्तची कसोटी वेगळी. दिवेलागणीनंतर शेजारचं दार वाजवायचं आणि विरजण मागायचं. दिवे लागल्यावर दही घराबाहेर दिलं की लक्ष्मी जाते म्हणतात ना? तरी जी बाई अनोळखी माणसाला चमचाभर देते, तिच्या भिंतीला भिंत लावून खुशाल राहावं. ही कसोटी मूळची त्याच्या आईची.

भाचीसाठी, म्हणजे रेवतीसाठी जागा बघायची वेळ आली, तेव्हा त्याने नंदकिशोरला गाठलं. दोघं घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. नंदकिशोर आता दलाल, कार्डावर 'गृहसल्लागार'. रेवती आणि तिचा नवरा होतं नव्हतं ते सगळं या एका घरात घालणार होते.

मागच्या डिसेंबरची अठरा तारीख. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. देवदत्तने मुद्दाम निवडलेला. लक्ष्मीच्या वारी विरजण देईल ती शेजारीण सोन्याची, हा हिशेब.

रेवती रिकाम्या घरात पडदे कुठे लावायचे ते बघत होती. नंदकिशोर खाली गाडी लावत होता. देवदत्तने शेजारची बेल दाबली. वाजली नाही. मग कडी वाजवली.

बराच वेळ काही नाही.

मग दार चार बोटं उघडलं. आत दिवा नव्हता.

"विरजण मिळेल का हो? आम्ही शेजारी राहायला येतोय."

"खरंच येताय?" म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"हो."

थोड्या वेळाने एक हात बाहेर आला. हातात स्टीलची वाटी. फार गार... डिसेंबर आहे, देवदत्तला वाटलं.

"वाटी परत आणाल ना?"

"आणेन की."

दार लागलं.

घर घेतलं. महिनाभरात रेवतीचा फोन. "मामा, शेजारी कुणी राहतच नाही. तीन वर्षं कुलूप आहे. प्रेमाकाकू म्हणून होत्या, आत एकट्याच गेल्या. दाराशी दुधाच्या पिशव्या साचल्या, पण कुणी कडी वाजवली नाही. वास आला तेव्हा लोकांनी तक्रार केली, तीसुद्धा गटाराची." मग म्हणाली, "तुमच्या शब्दावर घेतलं, मामा."

देवदत्त तडक नंदकिशोरकडे गेला.

"आत कुणाला तरी बसवलं होतंस ना?"

नंदकिशोरने मान खाली घातली. "होय रे देवा. घर पडून होतं, गिऱ्हाईक टिकत नव्हतं. शेजारची चावी माझ्याकडे होती. तुझी कसोटी मला लहानपणापासून पाठ. ऑफिसातल्या दीप्तीला सांगून ठेवलं, दार उघड, दही दे, गोड बोल."

"माझ्या आईची कसोटी... माझ्यावरच?"

"ऐक ना. दीप्ती आलीच नाही."

"काय?"

"गाडी लावत होतो तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, सर, आज माझं उद्यापन. लक्ष्मीच्या वारी दही देणार नाही, नोकरी गेली तरी चालेल. वर आलो तर तुझ्या हातात वाटी. मला वाटलं, तू खालच्या मजल्यावरून आणलीस." त्याने खिशावर हात ठेवला. "चावी इथे होती..."

देवदत्त मला म्हणाला, "प्रेमाकाकूंचं काही नाही रे. त्यांनी मागितलं ते दिलं." नंदकिशोरच्या घरी पुन्हा गेला नाही.

नंदकिशोरकडून आला, त्याच रात्री तो रेवतीकडे राहिला. वाटी परत द्यायची होती. वाटीवर नाव कोरलेलं, 'प्रेमा'. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून साखर घातली. शेजारच्या उंबऱ्यावर ठेवली. कुलूप गंजलेलं. कुलपावर कोळ्याचं जाळं... अखंड. कडी वाजवायचा धीर झाला नाही.

रात्रभर काही नाही. आवाज नाही. पाऊल नाही.

सकाळी उंबरा रिकामा.

वाटी रेवतीच्या ओट्यावर. दार आतून बंद होतं. वाटीत साखर नव्हती. दही होतं. घट्ट लागलेलं. चमचा न लागलेलं.

मग रेवतीने घर विकलं का, विचारतोस? काढलं होतं विकायला. पण गिऱ्हाईक पहिल्यांदा शेजार विचारतं, आणि तिला खोटं बोलता येत नाही. म्हणून तिने सोसायटीकडे अर्ज केला, ते दार एकदा उघडा. सेक्रेटरींनी शिक्का मारून घेतला. वर शेरा लिहिला : 'सदर बंद सदनिकेतून आजवर कोणतीही तक्रार आलेली नाही.'

अर्ज प्रलंबित आहे.