उजव्या पट्टीचं वजन

बस दादा, आधी चहा घे. बाबा जागे आहेत, तुझा आवाज ऐकून हाक मारतीलच. पण त्यांच्याकडे जाण्याआधी मला तुला एक सांगायचंय. हळू बोल, त्यांच्या खोलीचं दार उघडंच आहे. आणि तो दिवा असू दे, मोठा लावू नकोस.

सुरुवात अगदी साधी होती. बाबा दवाखान्यातून घरी आले आणि डॉक्टरांनी बजावलं, पलंगावरून उठायचं नाही. आपले बाबा कुणाचं ऐकतात थोडंच! माझी पाठ वळली की उठणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी गादीखाली वजन मोजणाऱ्या दोन पट्ट्या घातल्या. डावी त्यांच्या बाजूला, उजवी भिंतीकडे, आईच्या बाजूला. आई गेल्यापासून ती बाजू रिकामीच असते, तुला माहीत आहे. पलंगाशेजारी प्लगला लावलेलं एक छोटं यंत्र पट्ट्यांचे आकडे पाठवायचं, आणि ऑफिसात माझ्या पडद्यावर ते दोन रेघा होऊन सरकत राहायचे.

"आले आमचे फौजदार," बाबा म्हणाले. "आता कूस बदलायलासुद्धा परवानगी लागणार."

आकडे साठवायला मी आमच्या ऑफिसातलीच क्लाउडवरची सेवा घेतली. सर्व्हर सांभाळा, जागा वाढवा, असली कटकट नाही. वेळेचा शिक्का मारून आकडे पाठवायचे, बाकीचं ती बघते. पण तिचे काही हट्ट आहेत, ते नीट ऐक. एकदा लिहिलेला आकडा पुसता येत नाही. मुदत संपली की तो आपोआप जातो, तोवर नाही. एखादं घड्याळ पुढे असतं म्हणून पंधरा मिनिटं पुढच्या वेळेचा आकडा ती चालवून घेते, त्यापलीकडचा परत करते. आणि मध्ये खंड पडला, तर अलीकडचा आणि पलीकडचा आकडा जोडून तुटक रेघ काढते. पलीकडचं टोकच नसेल तर जागा कोरी सोडते. मनाने काही भरत नाही. मी संशयी बाई, मला तिचा हा गुण फार आवडायचा.

थोड्याच दिवसांत उजव्या पट्टीवर आकडे दिसू लागले. दुपारी बाबा डावीकडे पूर्ण वजनानिशी झोपलेले असायचे, आणि उजवीकडे हळूच वजन यायचं. एकदम नाही. शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून कुणी जपून अंग टेकावं, तसं. ऊन उतरलं की निघून जायचं.

माझा संशय सरळ मावशींवर, बाबांना सांभाळायला ठेवलेल्या. म्हटलं, म्हातारा झोपला की या पसरत असणार. ऑफिसात माझ्या शेजारी एकजण बसतो, सगळ्या कामांत निवांत, म्हणून त्याला आम्ही कासव म्हणतो. तो पडद्याकडे बघून हसला. "मावशींचं वजन एवढंसं? हा तर त्यांचा एक पाय झाला." मी म्हटलं, मग अर्धंच अंग टेकत असतील. संशय एकदा डोक्यात शिरला की सगळं जुळवून घेतो.

परवा सकाळी मी मावशींना विचारलंच.

"दुपारी बाबांच्या शेजारी कोण झोपतं?"

त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी केली. "मी नाही, ताई."

"मग पट्टी खोटं बोलते का?"

"पट्टीचं मला काय कळतंय? पण आळ घेणार असाल तर मी नाही थांबत." चपला घालताना त्या घुटमळल्या. "दुपारी त्यांना एकटं ठेवू नका. ते भिंतीकडे बघून बोलतात… आणि सरकतात."

मला तेही नाटकच वाटलं. चोराच्या उलट्या बोंबा, म्हटलं, आणि जाऊ दिलं त्यांना. दुसरी बाई संध्याकाळी येणार होती. ऑफिसात एक काम अडलं होतं, म्हणून बाबांना जेवण देऊन, फोन उशाशी ठेवून मी निघाले. लवकर येते म्हणाले.

पडद्यासमोर बसते न बसते तोच दोन्ही रेघा तुटल्या. बाबांनी प्लग ओढला, दुसरं काय! मला रागच आला. घरी फोन लावणार, एवढ्यात डाव्या रेघेच्या तुटल्या टोकातून तुटक रेघ निघाली, सरळ खाली उतरली आणि शून्यावर टेकली. पडद्यावर आत्ताच्या वेळेची उभी खूण असते. शून्य तिच्या पुढे होतं, दहा मिनिटांनी पुढे.

पासवर्ड फक्त माझ्याकडे आणि कासवाकडे. मी त्याच्याकडे वळले. "ही चेष्टा असेल ना, तर…"

"मी हातही लावलेला नाही." त्याचा चेहरा उतरला होता. "पलीकडचं टोक असल्याशिवाय रेघ निघत नाही."

"मग टोक टाकलं कुणी?"

त्याने शोधलं. "तुझ्या घरच्याच यंत्राने पाठवलंय."

"प्लग काढलाय त्याचा! पुसून टाक ते."

"पुसता येत नाही," तो हळूच म्हणाला. "तूच सांगतेस ना सगळ्यांना…"

घरचा फोन नुसता वाजत राहिला. मी जिन्याकडे धावले, कासव माझ्या मागोमाग. त्याला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ऑफिस जवळच, त्यानेच गाडीवरून मला तीन-चार मिनिटांत दारात सोडलं.

घरात बामाचा वास कोंडला होता. पंखा बंद. न्हाणीघरातला नळ तेवढा ठिबकत होता. खोलीत गेले तर पलंगाची डावी बाजू रिकामी. बाबा उजवीकडे, भिंतीकडे तोंड करून पडलेले, मुठीत पट्ट्यांचा प्लग.

"बाबा!"

ते वळले. "आलीस? बघ हं, उठलो नाही मी."

दादा, मला रडूच फुटलं. डावीकडे शून्य येणारच होतं, ते नुसते सरकले होते! "तिकडे कशाला गेलात?"

"रोज दुपारी म्हणते, इकडे या." त्यांनी आवाज खाली आणला. "आज आलो."

कोण म्हणते, ते मी विचारलं नाही. खुर्ची ओढून त्यांचा हात धरून बसले. रेघेत दाखवलेली वेळ आली, गेली. काहीच झालं नाही. हात ऊबदार होता. बाबा म्हणाले, "आता चहा कर की." मी डोळे पुसले, प्लग लावला, आणि त्यांच्या रिकाम्या जागी बसून फोनवर रेघा बघितल्या.

डावी पट्टी माझं वजन दाखवत होती, अगदी बरोबर. उजवी शून्य.

बाबा उजवीकडेच होते. माझ्या शेजारी, माझा हात धरून.

पट्टी बिघडली असेल म्हणून मी त्यांच्या कुशीजवळ गादीवर तळहात दाबला. आकडा चढला. हात काढला… शून्य.

"काय फौजदार, काय सापडलं?"

"काही नाही, बाबा."

कासवाने नवीन पट्टी आणून दिली. तीही तेच सांगते. बाबा खातात, पितात, मला चिडवतात, पण ती बाजू सोडत नाहीत. दुपारी यायचं ते वजन आता येत नाही. मी मावशींना हातापाया पडून परत बोलावलं. त्या आल्या, दारातून बाबांकडे आणि मग गादीकडे बघितलं, आणि उंबरा न ओलांडता निघून गेल्या. नंतर मीही नीट बघितलं. बाबांच्या अंगाखाली चादरीला सुरकुती नाही, उशीला खळगा नाही.

मी त्यांचा हात धरते, कपाळाला हात लावते. ऊब असते. मला एवढं पुरतं, दादा, मला ते हवे आहेत. पण उचलून मी अजून बघितलेलं नाही. धीरच होत नाही.

ऐकलंस? तुलाच हाक मारतायत. जा. म्हणतील, उशीला टेकवून बसव मला. बसव. फक्त… उचलताना जोर लावू नकोस.