इतिवृत्तातली ती ओळ

"आली, आली! लाल!" दगडी भिंतीवर पालथी पडलेली पोझी किंचाळली.

"ओरडू नकोस गं! हात वर करायचा ठरलंय ना?" बार्नी पलीकडून खेकसला. पोझीचा हात वर गेला, बार्नीनं घड्याळाचं बटण दाबलं, लाल गाडी सूं करत त्याच्या नाकासमोरून निघून गेली आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं.

"चार सेकंद!"

भिंतीआड मांडीवर वही घेऊन बसलेल्या नेलनं आकडा लिहिला. चेहऱ्यावर ना हसू, ना राग. गेला महिनाभर नेलचा चेहरा असाच होता, आणि तिच्याशी कसं बोलावं हे तिच्या दोन्ही जिवलग मित्रांना कळत नव्हतं. म्हणून ते दोघं बहीणभाऊ नेहमीसारखे एकमेकांशीच भांडत होते.

हिशेब सोपा होता. पोझीसमोरच्या विजेच्या खांबापासून त्यांनी सदुसष्ट मीटर मोजून भिंतीवर खडूची रेघ मारली होती. ताशी तीस मैलांनी येणाऱ्या गाडीला तेवढं अंतर कापायला बरोबर पाच सेकंद लागतात. स्कारबेक गावात तीसच्या वर जायला बंदी आहे. म्हणजे पाचाच्या आत पोचली, ती गाडी चोर!

"हिरवी!" पोझीचा हात वर गेला. "अगंबाई, ही तर आयव्हसनकाकांची!"

"साडेतीन!" बार्नीचे डोळे चमकले. "लिही नेल, लिही!"

"पंचायतीच्या अध्यक्षांची पण लिहायची?" पोझीनं घाबरून विचारलं. ती नऊ वर्षांची होती आणि अध्यक्ष म्हणजे फार मोठं काहीतरी असतं अशी तिची अजून समजूत होती.

"गाडी ती गाडी," नेल म्हणाली आणि तिनं नंबरही लिहिला.

संध्याकाळपर्यंत पन्नास गाड्या झाल्या. त्यातल्या अडतीस पाचाच्या आत! बहुतेक पाहुण्यांच्या. गावाच्या वर धबधबा आहे, आणि ऑगस्टमध्ये अख्ख्या यॉर्कशायरला तो एकाच दिवशी बघायचा असतो. गाडी लावायला जागा मिळेल की नाही या धसक्यानं माणसं ह्या आंधळ्या वळणावरून अशी येतात, की जणू धबधबा पाचला बंद होणार आहे.

ह्याच वळणावर जुलैमध्ये नेलचे आजोबा गेले.

विल्फ्रेड ऑल्डरसन. रस्त्याकडेची सगळी फुलं त्यांची. पंचायतीनं कधी सांगितलं नाही की पैसे दिले नाहीत, तरी वीस वर्षं ते हातगाडी घेऊन रोज तिथं जात. एका पाहुण्याची गाडी वळणावरून आली आणि आजोबा परत घरी आले नाहीत. तपासाचं काम पोलीस करत होते. पण गावच्या पंचायतीनं आपला निकाल आधीच देऊन टाकला होता! जुलैच्या सभेच्या इतिवृत्ताचा कच्चा मसुदा फलकावर लावला होता आणि त्यात लिहिलं होतं:

"श्री. ऑल्डरसन न पाहता रस्त्यात आले असावेत. मे महिन्यातील मोजणीनुसार वळणावरील सरासरी वेग ताशी चौदा मैल आहे. वेगमर्यादा वीस करण्याची आवश्यकता नाही."

न पाहता! नेलच्या आईनं ते वाचलं त्या दिवसापासून ती दुकानात जायला चर्चमागून लांबचा रस्ता घ्यायची. आणि नेलला ठाऊक होतं, आजोबा त्या वळणावर हातगाडी खाली ठेवत. टोपी काढत, म्हणजे कान मोकळे राहावेत. "इथं डोळ्याआधी कान लागतो, पोरी," असं म्हणून आधी ऐकत, मग बघत, मग पाऊल टाकत. नेल बारा वर्षांची होती, आणि त्यातली निदान आठ वर्षं तरी ती त्या टोपीपाशी उभी राहून ऐकत आली होती.

इतिवृत्तावर मंगळवारच्या सभेत सही होणार होती. सही झाली की ती ओळ कायमची. आज होता शनिवार.

आयव्हसनकाका अंगणात गुलाब छाटत होते. माणूस वाईट नव्हता, फक्त कुठलीही गोष्ट दोनदा वाचायचा त्यांना कंटाळा.

"पन्नास गाड्या? अरे वा!" वही न उघडताच ते म्हणाले. "पण बाळांनो, काउंटीच्या रस्ते खात्याचं यंत्र एकीकडे आणि बार्नीचं घड्याळ एकीकडे! रस्त्यावर रबरी नळ्या ठोकतात, चाक वरून गेलं की खोक्यात वेग नोंदला जातो. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"नळ्या नक्की कुठे ठोकल्या होत्या काका?" बार्नीनं विचारलं.

"कुठे म्हणजे? वळणावर! अहवालात लिहिलंय." आणि काका एकदम गुलाबाच्या पलीकडच्या बाजूला गेले.

"हे बरोबर नाही," फाटकाबाहेर आल्यावर पोझी म्हणाली. "त्या बाजूचे गुलाब त्यांचे छाटून झाले होते!"

नऊ वर्षांच्या मुलांना असलं बरोबर दिसतं.

मेच्या सुट्टीत, नळ्या होत्या त्या आठवड्यात, तिघंही बार्नी-पोझीच्या मावशीकडे समुद्रावर होते. म्हणून त्यांनी गावात विचारून पाहिलं. "नळ्या? होत्या खऱ्या," दुकानदार म्हणाला. "कुठे बरं?" बेकरीवाली म्हणाली, "मला वाटतं खाली. की वर?" मोठी माणसं रोज त्याच रस्त्यानं जातात आणि त्यांना काही म्हणजे काही दिसत नाही!

"नळ्या हवेत तरंगत नाहीत," बार्नी म्हणाला. "खिळे ठोकावे लागतात. खिळ्यांची भोकं राहतात!"

रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आत, पोझी पहाऱ्याला उभी राहिली आणि बार्नी नि नेल वाकून वळणाचा रस्ता वीतवीत तपासायला लागले. डांबर गुळगुळीत होतं. एक भोक नाही! ते तसेच वर सरकत गेले. चारशे पावलांवर, जुन्या प्रार्थनामंदिरासमोर, बार्नी ओरडला, "नेल! इकडे ये!"

रस्त्याला आडव्या दोन रांगा. बारीक, काळी भोकं. कडेला एक खिळा अजून तसाच होता, लोखंडी पट्टीसकट.

"पण इथं तर दोन्ही बाजूंनी पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या असतात," पोझी म्हणाली. "मधून एकच गाडी जाते. इथं माझी सायकलसुद्धा पुढे जाते!"

"म्हणून चौदा मैल!" बार्नीनं उडीच मारली. "वळणाचा वेग मोजलाच नाही! सापडली चोरी! आता फक्त कोणी हलवल्या ते शोधायचं!"

नेलचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा जरा उजळला.

पंचायतीचे कागद गावातल्या कोणालाही बघता येतात. तसं फलकावरच लिहिलंय, फक्त कोणी बघायला जात नाही. सोमवारी दहाच्या ठोक्याला तिघं पंचायतीच्या चिटणीस पीकॉककाकूंच्या खोलीत हजर! काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मेची फाइल? तुम्हाला? कशाला रे?"

"सुट्टीचा प्रकल्प," पोझी इतक्या गोड आवाजात म्हणाली, की बार्नीला खोकला आला.

काकूंनी फाइल दिली आणि त्या चहा करायला गेल्या. बार्नी भराभर पानं उलटत होता. मध्येच तो थांबला. मग त्यानं फाइल मिटली.

"काही नाही यात."

"बघू," नेल म्हणाली.

"नाही म्हटलं ना! चल, जाऊ."

नेलनं फाइल त्याच्या हातातून ओढून घेतली. निळ्या शाईतलं पत्र होतं. अक्षर तिनं लांबूनच ओळखलं, कारण तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर तेच अक्षर असे.

"प्रिय पीकॉकबाई, सोमवारी माणसं वळणावर नळ्या ठोकायला येणार असं कळलं. बुधवारी नेटक्या गावाच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे आहेत. माझ्या फुलांच्या बरोबर समोर त्या काळ्या नळ्या आणि ते खोकं! एवढा आठवडा वर प्रार्थनामंदिरापाशी ठोकल्या तर नाही का चालणार? परीक्षक गेले की वळणावर पुन्हा मोजून घ्या, ते मात्र विसरू नका, गाड्या फार जोरात येतात. आपला, वि. ऑल्डरसन."

खाली वेगळ्या अक्षरात होतं, "हरकत नाही. आयव्हसन."

पुन्हा कोणी मोजलं नव्हतं. ठोकणाऱ्या माणसांना वरची जागा दाखवली, पण काउंटीच्या कचेरीला कोणी कळवलं नव्हतं. त्यांनी आपल्या अहवालात ठरल्याप्रमाणे 'वळण' असं छापलं आणि गावाला दुसरं बक्षीस मिळालं.

नेल बाहेर पायरीवर येऊन बसली. पोझी तिला चिकटून बसली. 

"हे बघ," बार्नी म्हणाला, "आपण खिळ्यांची भोकं दाखवू. पत्राचं नावच नको. कोणाला कळणार आहे?"

"काकांना कळेल. पीकॉककाकूंना कळेल."

"ते कशाला बोलतील? त्यांची स्वतःची सही आहे त्यावर! नेल, लोक म्हणतील की त्यांनी स्वतःच..."

"स्वतःच काय? बोल ना!" नेल ताडकन उठली. "स्वतःच्या फुलांपायी गेले, असंच ना? मला काय ते कळत नाही? मला कळतंय रे! मला ते पत्र फाडून टाकावंसं वाटतंय!"

 बार्नीचे डोळे भरून आले होते आणि तो बुटाची नाडी बांधायचं नाटक करत होता.

"त्यांच्याबद्दल एक खोटी ओळ लिहिली म्हणून मी भांडायला निघाले," नेल हळू आवाजात म्हणाली. "आता मीच अर्धं लपवायचं? मग त्यांच्यात नि माझ्यात काय फरक?"

आता एकच अडचण उरली होती. सभेत गावकऱ्यांना बोलायला तीन मिनिटं मिळतात, पण ती विषय क्रमांक अकराला! आणि इतिवृत्तावरची सही विषय क्रमांक तीनला!

"म्हणजे आपण उठेपर्यंत सही वाळून खडखडीत!" बार्नी म्हणाला.

"मग ते वाचतील असं काहीतरी खुर्च्यांवर ठेवू या," पोझी म्हणाली. "रिकाम्या खुर्चीवर कागद असला की मोठी माणसं तो वाचतातच. बसायच्या आधी उचलावा लागतो ना!"

बार्नीनं बहिणीकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गावच्या सभागृहात प्रत्येक खुर्चीवर एक कागद होता. पन्नास गाड्या, प्रत्येकीचे सेकंद, रंग आणि नंबर. माणसं आली, कागद उचलले, वाचले. कुजबुज सुरू झाली. मग कोणीतरी खुदकन हसलं. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"आयव्हसन," पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या मिसेस रॉ मोठ्यानं म्हणाल्या. पंचायतीत त्या सगळ्यात जुन्या सदस्य होत्या आणि कोणाला भीक घालत नसत. "सतरावी हिरवी गाडी तुझीच ना रे? साडेतीन सेकंद म्हणजे किती होतात?"

"ताशी त्रेचाळीस मैल!" मागून बार्नीचा आवाज आला.

काकांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला.

"सही करायच्या आधी ह्या मुलांचं ऐकून घ्यावं असा मी ठराव मांडते," मिसेस रॉ म्हणाल्या. हात भराभर वर झाले.

नेल उठली. तेवढ्यात दार उघडलं आणि तिची आई आत आली. ती मागेच उभी राहिली. आदल्या रात्री नेलनं तिला सगळं सांगितलं होतं. आई स्वयंपाकघरातला दिवा न लावता बसून राहिली होती. ती येईल असं नेलला वाटलं नव्हतं.

नेलनं खिळ्यांची भोकं कुठे आहेत ते सांगितलं. मग फाइलमधून उतरवून घेतलेलं पत्र वाचून दाखवलं. पहिल्या वाक्यापासून सहीपर्यंत, आणि खालचं 'हरकत नाही'सुद्धा. तिनं एकही शब्द गाळला नाही.

"माझ्या आजोबांची चूक झाली," ती म्हणाली. "त्यांना फुलं फार आवडायची. पण त्यांनी पुन्हा मोजा म्हणून लिहिलं होतं आणि ते तुम्ही सगळे विसरलात. आणि ते न पाहता रस्त्यात आले नाहीत. ते कधीच तसं आले नाहीत! हवं तर माझी चूक लिहा, कोणाचीही लिहा, पण त्यांनी पाहिलं नाही असं लिहू नका."

 पीकॉककाकूंनी चष्मा काढला तो बराच वेळ लावलाच नाही.

आयव्हसनकाका उठून उभे राहिले. "चूक माझी," ते म्हणाले. अध्यक्षांच्या तोंडून हे शब्द स्कारबेकनं कधी ऐकले नव्हते. "मी 'हरकत नाही' लिहिलं आणि विसरून गेलो. मग अहवाल आला, तोही नीट वाचला नाही. आणि तुम्ही शनिवारी विचारलंत, तेव्हा मला आठवलं होतं. तरी मी बोललो नाही."

त्यांनी पेन घेतलं, ती ओळ सर्वांसमोर खोडली आणि समासात आद्याक्षरं लिहिली. नव्या ओळी पीकॉककाकूंनी वाचून दाखवल्या: मोजणी वळणावर झालेली नाही, चूक पंचायतीची आहे, श्री. ऑल्डरसन यांच्या काळजीपूर्वक वागण्याबद्दल कोणालाही शंका नाही, आणि वळणावर या आठवड्यातच नव्यानं मोजणी मागवावी. सगळे हात वर झाले. पोझीनंही दोन्ही हात वर केले, ते कोणी मोजले नाहीत.

मग काय, टाळ्याच टाळ्या! "शाब्बास पोरांनो!" "पोलिसांना जमलं नाही ते केलंत!" मिसेस रॉनी बार्नीची पाठ अशी थोपटली, की तो पुढे कोलमडला. आयव्हसनकाका खाली उतरून नेलपाशी आले. त्यांनी तिच्यासमोर मान खाली घातली.

"पोरी, विल्फ्रेडला आज तुझा फार अभिमान वाटला असता," ते म्हणाले.

नेलनं त्यांच्याकडे पाहिलं. महिनाभर ती रडली नव्हती. चर्चमध्ये नाही, दफनाच्या वेळी नाही, पायरीवर नाही. करायचं काम बाकी होतं आणि ते होईपर्यंत आजोबा कुठेतरी वाट बघत आहेत असं तिला वाटत असावं. आता काम संपलं होतं.

"मला अभिमान नको," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मला आजोबा हवेत!"

टाळ्या थांबल्या.   खुर्च्यांमधून वाट काढत आई पुढे आली आणि तिनं नेलला पोटाशी धरलं. नेल एखाद्या लहान बाळासारखी हुंदके देऊन रडत राहिली. बार्नी आणि पोझी दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. विषय क्रमांक चार पुकारायचं त्या दिवशी कोणाला सुचलं नाही.