ताटलीला तोंड न लावणारी पिटुकली

"अहो, थांबा! उताणं नका धरू त्याला. दूध श्वासनळीत जाईल!"

नम्रताच्या हातातला ड्रॉपर तिथंच थबकला. विश्रांतवाडीच्या या सोसायटीत येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. सकाळी मांजर गाडीखाली गेली होती, आणि तिची तीन पिल्लं मीटरच्या खोलीत, मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यात, जीव खाऊन ओरडत होती.

"मग कसं धरू? आमच्या अमरावतीत मांजरं आपापली वाढतात," ती फणकारली.

"पुण्यात आम्ही त्यांनाही सूचना देतो." त्यानं पिल्लू पालथं करून तिच्या तळहातावर ठेवलं. बोटांना बोटं लागली... आणि हात काढून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

तो आमोद, तिसऱ्या मजल्यावरचा. त्याची कंपनी अमेरिकेच्या घड्याळावर चालायची, तिची पुण्याच्या. सकाळी तो परतताना आणि ती निघताना, संध्याकाळी ती परतताना आणि तो निघताना, खोक्यापाशी गाठ पडायची. तेवढ्यासाठी नम्रता आरशापुढे जरा जास्तच रेंगाळू लागली.

पिल्लांना दात फुटले. दोघं ताटलीतला मऊ कालवलेला घास चाटायला शिकली. सगळ्यांत लहान पिटुकली मात्र तोंड फिरवायची. शेजारच्या सरोजिनीबाई तिघांनाही न्यायला तयार होत्या, पण त्यांची अट होती, आपलं आपण खाता आलं पाहिजे. रविवारी त्या येणार होत्या.

मग खोकं जाणार... आणि आमोद? जिन्यात 'काय, बरं ना?' एवढाच उरणार? आमोद कामाला गेला की नम्रता गुपचूप ड्रॉपर काढून पिटुकलीला पोटभर पाजू लागली. भरल्या पोटी ताटली कोण चाटणार!

शनिवारी सकाळी पिटुकली ओरडलीच नाही. पोट टम्म, मान लुळी. आमोदनं स्कूटर काढली; ओढणीत तो इवलासा जीव धरून नम्रता मागे बसली. सिग्नल सुटता सुटेना.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "दुप्पट पाजलंय हिला. कोणी?"

"मी..." नम्रताला रडू फुटलं. "हे कामावर गेल्यावर मीच पाजत होती. ही शिकली तर सगळंच संपून जाते न!"

आमोद हळूच म्हणाला, "सकाळी तू गेल्यावर... मीही पाजत होतो."

"काहून?"

"तुझ्याच कारणानं."

"ते बाहेर जाऊन ठरवा," डॉक्टर औषध देत म्हणाले. "ही आज उपाशी राहील. उद्या ताटलीतून खाल्लं, तर वाचली समजा."

रविवारी दोघं ताटलीपाशी उकिडवे बसले. पिटुकलीनं हुंगलं, मागे सरली... नम्रतानं आमोदचा हात घट्ट पकडला. खा ग बाई, खा. जे संपायचं ते संपू दे!

पिटुकलीनं जीभ लावली. मग नाकासकट अख्खं तोंडच आत घातलं.

सरोजिनीबाई तिघांना टोपलीत घेऊन गेल्या. खोकं रिकामं झालं.

"उद्या सकाळी मी नेहमीच्या वेळेला येतो," आमोद म्हणाला.

"इथं? आता तर कोणीच नाही."

"तू असशील ना?"

नम्रतानं डोळे पुसले. त्याचा हात तिनं अजून सोडला नव्हता.

"असेन," ती म्हणाली.