धारेवरची नजर

“ह्या धारेवरची नजर हलवायची न्हाय बरं का,” तो म्हणाला होता, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. मला वाटलं, बोलायला काहीतरी निमित्त हवंय बिचाऱ्याला...

आता हसत नाही मी. आता आमची पिंकी दुपारची झोपली की मी सारखी उठते आणि तिच्या नाकाखाली बोट धरते. श्वास बोटाला लागतो, ऊबदार, बारीक... मग परत येऊन भाजी निवडायला बसते. “इतकी कशी गं भित्री झालीस?” आई विचारते. भित्री नाही झाले. नजर ठेवायची सवय लागलीय मला, आणि ती लागली एका होडीत.

एम.एस्सी.ची परीक्षा संपली होती आणि मी सोलापूरहून टेंभुर्णीला आत्याकडे गेले होते. मुक्ताआत्या तिथे नर्स आहे. उजनीच्या बॅकवॉटरला रोहित पक्षी उतरलेत असं कळलं, आणि मी हट्टच धरला. “एकटीनं पाण्यात जायचं न्हाय,” असं म्हणत आत्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली आणि स्वतःच पुढे निघाली.

ठरलेला होडीवाला आलाच नाही. काठावर एकच होडी होती, फिकट निळी, मधोमध डोलकाठी असलेली. तिच्या मागच्या इंजिनावर कुणीतरी चक्क सोलापुरी चादर पांघरली होती, ओली. आणि एक उंच पोरगा गुडघाभर पाण्यात उभा राहून चादरीचं एक टोक पाण्यात सोडत होता.

“मशीनला ताप आलाय का?” मी विचारलं.

त्यानं वळून बघितलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि डोळ्यांत आधीच हसू.

“येऊ ने म्हणून चाललंय. माठाला नसतो का आपण ओला कपडा गुंडाळत? तसंच. एक टोक पाण्यात ऱ्हायलं की चादर आपोआप भिजत ऱ्हाती.” मग जरा थांबून म्हणाला, “माझंच डोकं हाय ते.”

“डोकं हाय म्हणायचं,” आत्या म्हणाली. “नाव काय बाबा तुझं?”

“इंद्रजीत. बसा की! आज वारं पडलंय, शीड उभारून उपयोग न्हाय. पण मशीन हाय.”

मशीन जुनं होतं, कोकणातून आणलेलं. दोरी ओढली तसं खोकलं, परत खोकलं, आणि मग एकदम गुरगुरायला लागलं. त्याच्या कडेच्या एका बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर पडायला लागली, अगदी उसाच्या चरकातून पडावी तशी.

“ही धार म्हणजे मशीनचा जीव,” इंद्रजीत म्हणाला. “खालनं पाणी वडतं, आत फिरवतं आन् हितनं सोडतं. धार थांबली की मशीन तापलंच म्हणा. मला पुढं बघावं लागतं. तवा तुमी धार बघा.”

आणि मग ते वाक्य, नजर हलवायची न्हाय बरं का...

मी बसले धारेसमोर. पण पाण्यावर ऊन असं सांडलेलं होतं, लांबवर रोहितांची गुलाबी रेघ हलत होती, आणि तो सुकाणूचा दांडा धरून बोलत होता. बोलताना डावी भुवई वर जायची त्याची. एकदा गेली, दोनदा गेली... मी पुढच्या वेळेची वाट बघायला लागले.

“आज तुमी पैल्याच पाहुण्या,” तो म्हणाला. “मशीन चाललं तर मी हितंच. न्हायतर श्रीपूरच्या कारखान्यावर चिकटायचं. वडलांनी शब्द टाकून ठेवलाय. त्यांनी एकच संधी दिलीय मला... हीच.”

“मग आमच्यावर लई भार आहे की,” मी म्हटलं.

“तुमच्यावर न्हाय. धारेवर.” भुवई वर. “बघताय नव्हं?”

“बघतेय की!”

बघत होतेच मी.

आत्या पदर डोक्यावर घेऊन पेंगत होती. तिनंच डोळे न उघडता विचारलं, “कुटं काय करपतंय गं?”

मी खाली बघितलं. धार नव्हती.

“धार—” एवढंच निघालं तोंडातून. त्यानं झटकन मशीन बंद केलं आणि चादर ओढून काढली. चादरीतून वाफ निघत होती. सगळीकडे एकदम शांत... पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मला तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, “किती वेळ झाला असंल थांबून?”

मला सांगता आलं नाही. कारण सांगायचं तर भुवईबद्दल सांगावं लागलं असतं.

“पोरा, आधी बघ तर काय झालंय,” आत्या म्हणाली. “पेशंट बघायच्या आधी रडत्यात का?”

त्यानं मशीन पुढे कलतं करून पाण्याबाहेर काढलं. पंख्याच्या वरच्या अंगाला एक बारीक जाळी होती, पाणी ओढायची. तिच्यावर शेवाळाचा हिरवा लगदा बसला होता, आणि शेवाळात... मी वाकले. निळे धागे. पांढरे धागे. गुंतून गुंतून घट्ट झालेले.

मी चादर हातात घेतली. पाण्यात सोडलेल्या टोकाच्या निम्म्या दशा गायब होत्या.

आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं.

“तापू ने म्हणून पांघरली,” तो हळूच म्हणाला, “आन् तिनंच नाक दाबलं व्हय माझ्या मशीनचं!”

“माझंच डोकं हाय ते,” आत्यानं त्याच्या आवाजात म्हटलं, आणि मग मात्र आम्ही तिघंही हसलो. घाबरलेली माणसं हसतात तसे, थोडं जास्तच.

धागे सोडवायला बारीक बोटं लागत होती. मी कडेला ओणवी झाले. तो मशीन धरून उभा होता, मी एकेक धागा ओढत होते, आणि माझा तोल जातोय असं वाटलं की त्याचा मोकळा हात माझ्या कोपराशी यायचा. टेकायचा नाही. नुसता यायचा... आणि थांबायचा.

“आता निवू द्यावं लागंल,” तो म्हणाला. “गरम मशीन लगीच चालवलं तर बसंलच.”

“तवर काय करायचं?” आत्या उठून बसली. “वारं सुटलंय की. शीड कुटाय तुझं?”

इंद्रजीतनं मान खाली घातली. “मशीन आलं... आन् शीड घरी माळ्यावर गेलं.”

“बया!”

मग मी ओली चादर झटकली. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोलकाठीकडे बघितलं, आणि चादरीची वरची टोकं दोरीनं काठीला आणि आडव्या वल्ह्याला बांधली. खालचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. वाऱ्यानं चादर फुगली. त्या निळ्या-पांढऱ्या चौकटींमधून गाळलेलं ऊन आमच्या अंगावर पडलं, आणि होडी अगदी सावकाश, जणू तिलाही घाई नव्हती अशी, काठाकडे निघाली.

पाण्याचे थेंब चादरीतून मनगटावर उतरत होते. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, काठ लांबच असू दे...

काठावरची बाभळ दिसायला लागली तेव्हा त्यानं मशीनवर तळहात ठेवून बघितलं, जसा मी आता पिंकीच्या कपाळावर ठेवते. “निवलं.” मशीन पाण्यात सोडलं. दोरी ओढली. गुरगुरलं! पण धार...

नाही.

त्यानं लगेच बंद केलं आणि खाली बसला. “आतला पंपच गेला असणार. संपलं. सांगतो वडलांना.”

त्याचा तो आवाज मला सहन झाला नाही. मी त्या बारीक भोकाजवळ डोळा नेला. आत काहीतरी काळपट दिसत होतं. “आधी भोक तर बघू,” मी म्हटलं. ओढणीची सेफ्टी पिन काढली, सरळ केली आणि आत घातली. चिखलाचा वाटाण्याएवढा बोळा निघाला, त्याच्यात एक निळा धागा.

“ओढा दोरी.”

“पण...”

“ओढा हो!”

मशीन खोकलं. थुंकलं. आणि मग धार आली! आधी वाकडी, गढूळ... मग सरळ, स्वच्छ. त्यानं तिच्याखाली बोट धरलं. कोमट होती. हळूहळू गार झाली. तो धारेकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

“रोज याल का?” तो धारेवरची नजर न काढता म्हणाला. “म्हंजे... धार बघायला.”

“पोरा,” आत्या भाकरीचं फडकं सोडत म्हणाली, “तिला कामाला ठेवतूस का मागणी घालतूस, नीट बोल.”

त्याचे कान लाल झाले. मी म्हटलं, “मला धार बघता येत नाही. मी भलतंच बघत बसते.”

“मग धार मी बघतो,” तो म्हणाला. आता मात्र त्यानं वर बघितलं. “तुमी... भलतंच बघा.”

आमच्या लग्नाला सगळे होते. श्रीपूरला तो कधीच गेला नाही. त्यानंतर पिंकी होईपर्यंत त्या होडीत, त्या धारेसमोर, माझी जागा ठरलेली होती. पाहुणे पक्षी बघायचे, तो पुढे बघायचा, आणि मी... दोन्ही बघायला शिकले होते.

आता मी सोलापुरात, आईकडे, पिंकीला घेऊन. तिला ऊन सोसत नाही, पाण्यावर नेता येत नाही. तो आठवड्यातून एकदा येतो, अंगाला शेवाळाचा वास घेऊन, आणि तिला खांद्यावर टाकून फिरवतो. बाकीचे दिवस पाण्यावर. तिथे फोन लागत नाही. चादर माझ्याकडेच आहे, पिंकीच्या अंगाखाली, म्हणून ती एक काळजी नाही. पण मागे कोण बघतं हो त्याच्या? बोलायला लागला की त्याला मागचं भान राहत नाही.

तुम्ही कधी उजनीला पक्षी बघायला गेलात, तर फिकट निळी होडी शोधा. मशीनला निळ्या धाग्यानं एक सेफ्टी पिन बांधलेली दिसेल, तीच. मी विचारलं असं सांगितलंत तरी चालेल. मागच्या फळीवर बसा, आणि धार पडतेय ना, एवढं जरा बघत राहा.

आणि त्याची डावी भुवई वर गेली, तर तिकडे बघू नका.