नवी बुशा

इस्रायलमधल्या अराद गावी, स्पेअर पार्टच्या दुकानात, भर गर्दीत, मी काउंटरवर हात टेकून मोठ्या तोऱ्यात हिब्रूत म्हटलं, "अनी त्स्रिखा बुशा हदाशा!"

अख्खं दुकान हसायला लागलं.

काय चुकलं ते मला कळेना. ठाण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझ्या जुन्या गाडीचं क्लच-पेडल दाबलं की कुरकुरायचं आणि पायाखाली डावी-उजवीकडे डुलायचं. ठाण्यात बाबांचं गॅरेज होतं; 'पेडल खाली बसलं तर केबल, आडवं हललं तर बुश' हे मला पाढ्यांसारखं पाठ. बुश म्हणजे पेडल ज्या दांड्यावर फिरतं, तिथली प्लॅस्टिकची इवलीशी बांगडी. हिब्रूतले निम्मे शब्द 'आ'वर संपतात, म्हणून मी बुशला एक काना देऊन टाकला, एवढंच!

"अगं बाई, हसायला काय झालं?" मी पुटपुटले.

मागे वायपर घेऊन उभा असलेला उंच मुलगा त्यावर खुदकन हसला. मग वाकून, फक्त मलाच ऐकू जाईल अशा हिब्रूत म्हणाला, "बुशा म्हणजे लाज. तू नवी लाज मागितलीस. त्या पार्टला इथे बुक्सा म्हणतात."

चूक दाखवतानाही किती जपून बोलला! आणि डोळे… जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

"तुम्हाला मराठी येतं?"

"समजतं सगळं," तो हिब्रूतच म्हणाला. "बोलायला मात्र… बुशा."

त्याचं नाव मतान. इथेच जन्मलेला, शाळेत भूगोल शिकवणारा, महाराष्ट्रातून इथे आलेल्या रूथ आजीचं मराठी ऐकत वाढलेला. बुक्सांची जोडी घेऊन मी बाहेर आले, तर हा मागोमाग.

"मेकॅनिक शोधून देऊ?"

"मेकॅनिक तुझ्यासमोर उभी आहे," मी बाह्या सरसावत म्हटलं. "टॉर्च धरणारा मिळाला तर बघ."

"मी धरते!"

म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. आजीकडून शिकलेलं मराठी. आजी 'धरते, येते, जाते' म्हणायची, म्हणून हाही तेच. भावंडं हसायची, तेव्हापासून त्याने तोंडच मिटलेलं. मी ओठ चावले, पण हसले नाही. मघाशी दुकान हसलं तेव्हा मला कसं वाटलं होतं, ते अजून ताजं होतं.

वाळवंटातला गरम वारा सुटला होता. मी दार उघडून, पाय बाहेर ठेवून, डॅशबोर्डखाली डोकं खुपसलं. टॉर्च धरणारे पुरुष मी खूप पाहिलेत, पण सूचना न देता टॉर्च धरणारा हाच पहिला. माझा हात जिकडे, तिकडे उजेड. मी बघत होते नटाकडे आणि मन होतं त्या उजेडामागे.

"नंतर कुठे जाणार?" त्याने परत हिब्रूत विचारलं.

"उद्या सकाळी एलातला. हॉटेलात नोकरी लागली आहे. आता तिथेच राहणार."

उजेड किंचित हलला. एलात इथून अडीच-तीन तास लांब.

मनात आलं, नट गंजलेला निघू दे… अडकू दे आजचा दिवस. मेला लोण्यासारखा निघाला! पेडल सुटलं, जुन्या बुशांचे तुकडे गळून पडले. मतानने ते एकेक वेचून मुठीत ठेवले. मी दांडा पुसला, ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंना एकेक नवी बुश दाबून बसवली, पेडल चढवलं, स्प्रिंग अडकवली. पाय ठेवला… कुरकुर नाही, डुलणं नाही. इतकं छान काम झालं, आणि मला रडू यायला लागलं.

"तोदा," मी आभार मानले. गाडी चालू केली. पहिला गिअर टाकला आणि क्लच अर्ध्यावर धरून बसले. गाडी नुसती थरथरत होती. हा बोलेल का काही?

तो खिडकीशी वाकला. बोलला, आणि चक्क मराठीत.

"एलातला… मी पण येते. शुक्रवारी. तुला भेटायला."

"शुक्रवारी? मग शनिवारी रात्री शबाथ सुटेपर्यंत परतीची बस नाही. अडकशील."

"अडकते," तो म्हणाला.

आता मात्र मी हसले, आणि तो माझ्यासोबत हसला.

"अडकतो म्हणायचं, वेड्या. आणि तुझी बुशा?"

त्याने मूठ उघडली. तळहातावर काळे, झिजलेले तुकडे होते.

"ही काय," तो म्हणाला. "तूच काढलीस."